मदत हवी आहे: डेरिक बेल यांच्या मिसिसिपीतल्या खटल्यांबद्दल

नमस्कार मंडळी. एलएलएमच्या प्रबंधासाठी अमेरिकेतले कायदेपंडित डेरिक बेल यांच्यावर काम करते आहे आणि एका जागी अडले आहे.

१९५९ मध्ये ‘एनएएसीपी’चं (काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना) सदस्यत्व सोडा असं सांगितल्यावर त्यांनी न्याय खात्यातली नोकरीच सोडली. पुढे नागरी हक्कांचे वकील थरगुड मार्शल यांनी त्यांना आपल्या कामात घेतलं आणि त्यांनी मिसिसिपी राज्यातल्या शाळांमधल्या वर्णभेदाचे ३०० हून अधिक खटले सांभाळले. आणि हाच माणूस १९७६ च्या लेखात विचारतो, की वकिलांना हवं असलेलं एकत्रीकरण (काळ्या-गोऱ्या मुलांनी एकाच शाळेत शिकणं) आणि काळ्या पालकांना मुलांसाठी हवं असलेलं चांगलं शिक्षण, या दोन्ही गोष्टी एकच आहेत का? उमेदीतल्या स्वतःच्या कामाला असा प्रश्न विचारायला फार मोठं धैर्य लागतं. मला हे वळण नीट मांडायचं आहे.

हार्वर्डमधल्या १९९० च्या निषेधावर (काळी स्त्री प्राध्यापक कायम नेमेपर्यंत बिनपगारी रजा!) भरपूर साहित्य मिळालं. मला हव्या आहेत त्या पालकांच्या मुलाखती, साक्षी, खटल्यांचे मूळ कागद. हे कुठल्या संग्रहात शोधावं? तिकडच्या विद्यापीठांत असलेल्या कुणी वाट दाखवाल का? भारतातून ऑनलाइन पाहता येईल असं काही असेल तर फारच बरं.