पिंजऱ्यातल्या जनावराचं नाव ठेवावं का?

भुसेवाली
विद्यापीठाच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात तिथे, सहा वर्षं टेक्निशियन आहे. पिंजरे बदलणं, पाण्याच्या बाटल्या, वजनं, पिल्लं आईपासून वेगळी करणं, आणि जे कुणालाच करायचं नसतं तेही. गेल्या आठवड्यात वरून फतवा आला: प्राण्यांची नावं ठेवायची नाहीत, पिंजऱ्याच्या कार्डावर छापलंय त्याखेरीज एक अक्षर नको. फतव्याचं कारण मीच. एका रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) कार्डावर कोपऱ्यात पेन्सिलीने 'वकील' लिहिलं होतं. पिंजरा उघडला की हा पुढचे दोन्ही पाय जाळीवर टेकून उभा राहतो आणि मिशा हलवत जणू पुढची तारीख मागतो. असो, नाव ठेवलं म्हणून मला नावं ठेवली गेली.

माझं म्हणणं असं. एके सकाळी वकील उभा राहिला नाही. जवळून पाहिलं तर नाकाशी लालसर डाग. ते रक्त नव्हे. रॅट आजारी किंवा ताणाखाली असला की डोळ्यामागच्या ग्रंथीतून असा लाल स्राव येतो, एरवी तो स्वतःच पुसून साफ करतो. रोजच्या तपासणीच्या तक्त्यावर मात्र तीन दिवस 'सामान्य'ची खूण. व्हेटना, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, बोलावलं. पुढचा दात वाकडा वाढला होता. रॅटचे हे दात जन्मभर वाढतात, एकमेकांवर घासून झिजले नाहीत तर कडक गोळ्या खाताच येत नाहीत. दात कापला, चार दिवस भिजवलेलं खाणं दिलं, स्वारी पुन्हा जाळीवर. 'वकील आज उभा नाही' हे मला दिसलं. ४१७ नंबर उभा नाही हे कुणाला दिसलं असतं?

आंधळी चाचणी
मी त्या 'वरून' आलेल्यांच्या जातीतला, म्हणजे प्रयोग करणारा. त्या तीन 'सामान्य' खुणांपैकी तुमच्या किती?

भुसेवाली
दोन. लपवत नाही.

आंधळी चाचणी
मग त्या दोन दिवशी नावाने काही मदत केली नाही. राग नसावा, मुद्दा निराळाच आहे. १९६३ साली रोझेंथाल आणि फोड यांनी विद्यार्थ्यांना चक्रव्यूहात पळवायला रॅट दिले. काहींना सांगितलं तुमचे हुशार वाणाचे, काहींना सांगितलं तुमचे मठ्ठ. रॅट सगळे एकाच साठ्यातले, पाट्या उगाच चिकटवलेल्या. तरी 'हुशार' रॅट अधिक चांगले पळाले, कारण बहुधा ज्यांना ते हुशार वाटले त्यांनी त्यांना जास्त मायेने हाताळलं. नुसत्या पाटीने एवढं होतं, तुम्ही तर बारसं केलंत! वकिलाला रोज दोन मिनिटं जास्त मिळतात, शेजारच्या पिंजऱ्याला मिळत नाहीत. महिनाअखेरीस दोघांत फरक दिसला तर तो औषधाचा की तुमच्या लाडाचा? आणि उत्तर सांगता आलं नाही तर तेवढे जीव फुकट गेले. हा तोटा प्राण्यांचाच आहे.

बारामाही सर्दी
बिनचूक. (आयडीचं कारण: उंदराच्या मुतातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी. मास्क लावा रे बाबांनो, एकदा जडली की जात नाही.)

जुना किल्लीवाला
चौतीस वर्षं याच कामात काढली, आता घरी. पहिल्या वर्षी मीही नावं ठेवायचो, मग सोडलं. प्रयोगाचं वगैरे कारण नव्हतं. सॅक्रिफाइसच्या दिवशी, म्हणजे अभ्यास संपल्यावर प्राणी पेटीत ठेवून मारतात तेव्हा, कार्बन डायऑक्साइड एकदम सोडत नाहीत. पेटीच्या आकारमानाच्या काही टक्के दर मिनिटाला, असा हळूहळू भरतात. तेवढा वेळ माणसाने तिथेच उभं राहायचं असतं, नजर पेटीवर. श्वास थांबला तरी लगेच निघायचं नाही, गेला याची वेगळी खात्री करायची. तेव्हा आपण मनात नंबर म्हणतो की नाव, याने फार फरक पडतो. नाव म्हणणारी माझ्याबरोबरची दोन चांगली माणसं वर्षभरात सोडून गेली. त्यांच्या जागी आलेली मंडळी पिंजरे आपटणारी होती. म्हणून सांगतो, नाव नको.

मुका जीव
तुम्ही सगळे मूळ सोडून पानं मोजताय. नाव घेऊन मारलं काय, न घेता मारलं काय, सोसवतं ते मारणाऱ्याला, मरणाऱ्याला नव्हे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या: प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, नसेल तर संख्या कमी करा, तेही करून झालं की त्रास कमी करा. पहिली पायरी कुणी चढत नाही आणि तिसरीवर नक्षीकाम चाललंय.

भुसेवाली
पहिली पायरी माझ्या हातात नाही हो. प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाचा आराखडा, एथिक्स कमिटी मंजूर करते. मी सोडलं म्हणून पिंजरे रिकामे होणार नाहीत.

मुका जीव
हे वाक्य प्रत्येक नोकरदार म्हणतो. कमिटीत तुमच्यासारखं, रोज पिंजऱ्याशी असणारं माणूस का नाही, हा धागा काढला असतात तर पहिली सही माझी.

भुसेवाली
हे मात्र लागलं. खरंय.

व्हेट होऊ घातलेली
शेपटीला धरून उचललेले उंदीर माणसाला घाबरतात, नळीत शिरवून किंवा ओंजळीत उचलले तर बरेच कमी, हे २०१० मध्ये हर्स्ट आणि वेस्ट यांनी दाखवलं. त्याच वर्षी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी आली: मिटलेले डोळे, फुगलेलं नाक, गाल, कानांची आणि मिशांची ठेवण. म्हणजे बारकाईने बघणं हे विज्ञानच आहे. शिवाय नावाने हाक मारल्या जाणाऱ्या गायी जास्त दूध देतात असं २००९ चं एक सर्वेक्षण आहे, वर्षाला अडीचशे लिटरहून जास्त. आणि घंटा-लाळेच्या प्रयोगांवाल्या पावलॉव्हच्या कुत्र्यांना नावं होती!

आंधळी चाचणी
गायींचं उलट असू शकतं. जो गायीला नाव ठेवतो तो बाकीही नीटच करत असणार. पावलॉव्हकडे कुत्रे होते, माझ्याकडे सहाशे पिंजरे आहेत. नळीचं मात्र मान्य, कारण नळी सहाशेंनाही सारखी मिळते. नाव एकट्या वकिलाला मिळतं, भांडण तेवढंच आहे. मोजपट्टीही सगळ्यांना लावा.

भुसेवाली
आत्ता बोललात! मग तो 'सामान्य'चा ठोकळा तक्त्यावरून काढा की. तीन दिवस खूण करायला अर्धा सेकंद पुरला तो त्या ठोकळ्यामुळेच. त्याजागी 'पिंजरा उघडल्यावर काय केलं' असा रिकामा रकाना द्या, प्रत्येक पिंजऱ्याला. पाच शब्द लिहायचे तर बघावंच लागेल. मग पेन्सिल माझ्याकडून जमा.

आंधळी चाचणी
सहाशे रकाने रोज कोण भरणार? वेळ तुम्ही देणार की मी पगार देणार?

भुसेवाली
तुमच्या ग्रँटमधून आणखी एक माणूस घ्या.

आंधळी चाचणी
सहाशे जमणार नाही. चालू अभ्यासातले नव्वद, पुढच्या सोमवारपासून करून बघतो. माणसाचं विचारतो, शब्द देत नाही.

बारामाही सर्दी
नव्वद तर नव्वद. हा धागा छापून आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवतो, माझं नाव न घालता.

जुना किल्लीवाला
अगं पण त्या वकिलाचं काय झालं?

भुसेवाली
त्याचा अभ्यास पुढच्या महिन्यात संपतोय. त्या दिवसाची ड्यूटी मी मागून घेतली आहे.

जुना किल्लीवाला
मग त्याच्याच पिंजऱ्यात ठेवून गॅस सोडता येतो का, ते व्हेटना आधी विचारून ठेव. नव्या पेटीत हलवू नकोस, वास अनोळखी लागतो. आणि त्या दिवशी दुसरं काम घेऊ नकोस.