नाटोत मतदान होतच नाही

‘नाटो या लष्करी आघाडीत अमेरिका म्हणेल ती पूर्व दिशा, बाकीचे नुसत्या माना डोलावतात’ असं म्हणतात, ते पैसा आणि फौजफाट्यापुरतं बरंचसं पटतं. पण तिथे मतदान होतच नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. मसुदा सगळ्या देशांना पाठवतात, मुदत देतात, तोवर कुणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. चिमुकल्या लक्झेंबर्गनेही ठरवलं तर गाडं अडतं.

फेब्रुवारी २००३ मध्ये अडलंच. इराक युद्ध तोंडावर आलेलं, इराकला लागून असलेल्या, नाटोतल्याच तुर्कस्तानच्या बचावाची तयारी आत्ताच सुरू करा असा अमेरिकेचा धोशा. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियमने हरकत घेतली. तुर्कस्तानने नाटो कराराच्या कलम ४ खाली (धोका वाटणाऱ्या सदस्याला सगळ्यांशी चर्चा मागता येते) सल्लामसलतीची मागणी केली. मग जी पळवाट काढली ती झकास होती. विषय नाटोच्याच संरक्षण नियोजन समितीकडे वळवला. फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६६ मध्ये नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून अंग काढून घेतल्यापासून फ्रान्स त्या समितीत नव्हताच! जर्मनी-बेल्जियमची समजूत मात्र काढावीच लागली. १६ फेब्रुवारीला निर्णय झाला, आणि मगच हवाई टेहळणीची अवॅक्स विमानं व हल्ला हवेतच रोखणारी पेट्रियट क्षेपणास्त्रं तुर्कस्तानकडे निघाली.