रूट म्हणजे मूळ?

टिपणकार: सदाशिव पेठेत रविवारी मुलांना लिनक्सची कमांड लाइन (माउसऐवजी कमांड टंकून संगणक चालवणं) शिकवतो. मराठी टिपण करताना 'रूट'पाशी गाडं अडलंय. 'मुळात जा आणि यादी पाहा' हे मुलं 'खरं तर जा' असं वाचतात. शिवाय रूट तीन आहेत: सगळ्या डिरेक्टऱ्या (फोल्डर) जिथून फुटतात तो '/', सर्वाधिकार असलेला खातेदार आणि त्याचं घर, म्हणजे त्याची स्वतःची डिरेक्टरी '/रूट'. साध्या खात्यातून 'सीडी /' ('सीडी' म्हणजे त्या डिरेक्टरीत जा) चालतं, 'सीडी /रूट'ला मात्र परवानगी नाकारली जाते. तिन्हींना 'मूळ' म्हटलं तर मुलांनी ओळखायचं कसं?

पर्वतीकर: जुन्या युनिक्समध्ये रूट खातेदाराचं घर '/' हेच असे, म्हणून नाव एकच. '/'ला 'मूळपुरुष' म्हणा. आमच्या वंशावळीतही तो सगळ्यात वर असतो, फांद्या खाली.

मेघना: आणि खातेदार? तोही पुरुषच ठरेल! त्याला 'मुखत्यार' म्हणा. मग 'सूडू', म्हणजे रूटच्या अधिकारानं काम करवून घेणारी कमांड, हे झालं कुलमुखत्यारपत्र: कमांड आपण द्यायची, अधिकार त्याचा.

टिपणकार: मेघनाताई, 'कुल' नको. सूडू कुणी वापरायचं हे ठरवणाऱ्या सूडोअर्स फायलीत एखाद्याला एकाच कमांडपुरती मुभा देता येते.

शुद्धमराठी: मुखत्यार अरबी आहे. 'सर्वाधिकारी' असताना उसनवारी कशाला? शिवकाळात राज्यव्यवहारकोश याचसाठी झाला.

पर्वतीकर: अहो, तेव्हा पेशव्याला 'पंतप्रधान' शब्द दिला. पुण्यात राहिला पेशवाच.

शुद्धमराठी: आणि आज रोजच्या बातम्यांत कोणता शब्द आहे? शब्द दिला म्हणून तो टिकला. 'कमांड'लासुद्धा 'आज्ञा'च हवं. प्रोग्रामसाठी 'आज्ञावली' रुळलाच ना?

मेघना: आज्ञा वडीलधाऱ्यांची असते, पाळायची. इथे यंत्राला सांगायचंय. 'हुकूम सोडला' यात जी धमक आहे ती 'आज्ञा दिली'त नाही.

आजोबा_वकील: मूळ प्रश्न बाजूला ठेवून सांगतो, 'कुळमुखत्यार' असं लिहा. कुळाच्या वतीनं काम करतो तो.

मेघना: नाही हो काका! 'कुल' अरबी, म्हणजे सगळे. सगळे अधिकार देणारं ते कुलमुखत्यारपत्र. कूळ कूळकायद्यातलं, जमीन कसणारं.

आजोबा_वकील: दस्तनोंदणीच्या कचेरीबाहेर टंकलेखक 'कुळ'च टंकतात आणि पक्षकारही तेच बोलतात. मग चूक कुणाची?

शुद्धमराठी: टंकलेखकाची.