वीस मिनिटांचा देखणा टेक डेमो आणि खेळाडूंच्या दुभंगलेल्या प्रतिक्रिया: यातून नेमके काय घ्यावे?

ओला_जिना (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही दोघे मित्र फावल्या वेळात अनरिअल इंजिन ५ या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर एक लहानसा टेक डेमो, म्हणजे तंत्राची करामत दाखवणारा छोटा नमुना, तयार करत होतो, आणि गेल्या महिन्यात तो आम्ही विनामूल्य उपलब्ध करून दिला. वादळी रात्री खेळाडू एका निर्मनुष्य दीपगृहात शिरतो, हातातल्या कंदिलाच्या उजेडात गोल जिना चढतो, वाटेत तीन लहान कोडी सोडवतो आणि शेवटी माथ्यावरचा दिवा पेटवतो. त्या भल्या मोठ्या भिंगातून प्रकाशाचा झोत समुद्रावर फिरू लागला की डेमो संपतो. रमतगमत खेळले तरी वीस मिनिटांच्या पुढे तो जात नाही, आणि हे आम्ही माहितीच्या पहिल्याच ओळीत लिहिले होते.

सुरुवातीच्या प्रतिक्रियांनी आम्ही हरखून गेलो होतो, कारण भिंतीवरून ओघळणारे पाणी, भिंगाच्या कडांवर फुटणारा प्रकाश, दगडावरचे शेवाळ यांची लोकांनी मनापासून तारीफ केली होती. पुढे मात्र सूर पालटला. 'दिसायला अप्रतिम, करायला काहीच नाही', 'सुरू होते न होते तोच संपले', 'माझ्या यंत्रावर चित्र अडखळते' अशा तक्रारी येऊ लागल्या. गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की पुष्कळदा स्तुती आणि तक्रार एकाच माणसाची असते. एवढे सुंदर दृश्य आपण आजवर पाहिले नव्हते असे लिहून तोच खाली अंगठा उलटा करून जातो.

एक प्रसंग सांगतो. जिन्याच्या कडेला सहा दारे आहेत आणि त्यांतली दोनच उघडतात. बाकीच्या चार दारांच्या पितळी मुठी माझ्या मित्राने फार जीव ओतून केल्या आहेत. वर्षानुवर्षे हात लागून जिथे पितळ झिजेल तिथे ते उजळ, आणि जिथे बोटे पोहोचत नाहीत त्या खाचेत हिरवट काजळी. एका खेळाडूने आपला खेळ चित्रित करून आम्हाला पाठवला. त्यात तो अशाच एका दारापुढे बराच वेळ थांबतो, मुठीवर कंदील धरतो, कळ दाबतो, पुन्हा दाबतो, वाकून खालच्या फटीत पाहतो, आणि शेवटी नुसता सुस्कारा ऐकू येतो. प्रतिक्रियेत त्याने एवढेच लिहिले होते: 'मूठ इतकी खरी आणि दार भिंतीला चिकटवलेले.'

आता आमचा प्रश्न. लोकांची तक्रार लांबीची आहे, खेळाच्या आशयाची आहे की यंत्रावर पडणाऱ्या ताणाची आहे, हे वेगळे कसे काढावे? आणि 'हा टेक डेमो आहे' असे स्पष्ट सांगूनही तो खेळ म्हणूनच मोजला जाणार असेल, तर पुढच्या आवृत्तीत वेळ नेमका कशावर घालवावा?

जुना_खेळगडी

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या दाराच्या प्रसंगातच आहे, म्हणून मी दारापासूनच सुरुवात करतो.

जुन्या खेळांतली बहुतेक दारे म्हणजे भिंतीवर चिकटवलेले एक सपाट चित्र असे, आणि कोणते दार उघडणार नाही हे खेळाडूला लांबूनच कळे, कारण जे उघडायचे ते बाकीच्या दृश्यापेक्षा ठसठशीत दिसे. म्हणजे चित्रणातली उणीव हीच एक सूचना होती. तुम्ही ती उणीव काढून टाकलीत आणि तिच्याबरोबर ती सूचनाही गेली. आता प्रत्येक मूठ सारखीच खरी दिसते, तेव्हा प्रत्येक मुठीवर हात ठेवून पाहणे हे खेळाडूच्या दृष्टीने साहजिकच आहे. डोळ्यांना दिलेला शब्द हाताने मोडला की माणूस चिडतो, आणि दृश्य जितके अस्सल तितका तो शब्द मोठा असतो. साध्या चौकोनी ठोकळ्यांच्या खेळात न उघडणाऱ्या दाराबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, ते याचमुळे.

लांबीच्या तक्रारीला मात्र मी तितके महत्त्व देणार नाही. व्हॉल्व या खेळ बनवणाऱ्या कंपनीने २००५ साली 'हाफ-लाइफ २: लॉस्ट कोस्ट' दिला, तोही जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचाच होता. खाली कोळ्यांची वस्ती, वर कड्यावर मठ, मधली चढण, बस्स, एवढेच. तो होता एचडीआर प्रकाशयोजना दाखवण्यासाठी, म्हणजे अंधाऱ्या जागेतून उन्हात आल्यावर डोळे दिपावेत आणि हळूहळू सरावावेत असा परिणाम साधण्यासाठी. मठाची जागा त्याला नेमकी मानवली, कारण आतला काळोख, रंगीत काचा आणि बाहेरचे लख्ख ऊन हे सगळे काही पावलांच्या अंतरात मिळत होते. पण त्या डेमोतली खरी लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच होती. वाटेत जागोजागी हवेत तरंगणारी संवादचिन्हे ठेवलेली होती. त्यांच्याजवळ जाऊन कळ दाबली की हा कोपरा असाच का रचला, शत्रू तिथेच का उभा केला, हे तयार करणाऱ्यांच्याच आवाजात ऐकायला मिळे. ज्याला नुसते खेळायचे होते तो खेळला, ज्याला कुतूहल होते त्याला दुसऱ्यांदा चढायला कारण मिळाले, आणि हे तंत्राचे प्रदर्शन आहे याबद्दल कोणाच्या मनात किंतू उरला नाही.

तुम्ही 'टेक डेमो' हे शब्द माहितीच्या पानावर लिहिलेत. खेळाडू ते पान वाचत नाही, असा माझा अनुभव आहे. तो चित्रे पाहतो आणि उतरवून घेतो. तेव्हा हे सांगायचे असेल तर जिन्यातच सांगा.

तिरकस_वाचक

वरच्या प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. टेक डेमो हा प्रकार मुळात खेळाडूंसाठी नसतोच; तो इंजिन विकण्यासाठी किंवा ग्राफिक्स कार्ड विकण्यासाठी असतो, आणि खेळाडू हे त्या बाजारातले बघे असतात. अनरिअल इंजिन बनवणाऱ्या एपिकने २०११ साली 'समॅरिटन' हा डेमो दाखवला तेव्हा तो चालवायला जीटीएक्स ५८० ही तीन ग्राफिक्स कार्डे एकत्र जोडावी लागली होती. मे २०२० मध्ये अनरिअल ५ चा पहिला डेमो प्लेस्टेशन ५ वर चालवून दाखवला, पण सामान्य खेळाडूच्या हाती तो कधी आलाच नाही. त्यात नायिका एका अरुंद फटीतून अंग चोरून सरकते तेवढ्या चार क्षणांवरही लोकांनी शंका काढली, कारण आधीच्या पिढीच्या खेळांनी अशा फटींमागे लोडिंग, म्हणजे पुढचे दृश्य यंत्रात भरून घेण्याचा वेळ, लपवण्याची सवय लावून ठेवली होती. तात्पर्य, देखणेपणाबद्दल खेळाडू आता मुळातच संशयी झाला आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही.

तुमच्या डेमोवरचा उलटा अंगठा हा काही प्रमाणात तुमच्या आधीच्या सगळ्यांचा हिशेब आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. फार मनाला लावून घेऊ नका.

रात्रपाळी

मी व्यवसायाने याच कामात आहे, तेव्हा अडखळण्याच्या तक्रारीबद्दल लिहितो, कारण ती इथे कोणी गंभीरपणे घेतलेली दिसत नाही आणि माझ्या मते तुमच्या उलट्या अंगठ्यांपैकी बरेचसे तिथूनच आलेले असावेत.

सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० हवी असतील तर ३३.३. सरासरी ६० असूनही मधूनच एखाद्या चित्राला २०० मिलिसेकंद लागले तर डोळ्याला तो झटका स्पष्ट जाणवतो, आणि खेळाडू 'चालत नाही' असे लिहून मोकळा होतो. पीसीवर असे झटके येण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे शेडर, म्हणजे वस्तूचा रंग-प्रकाश कसा दिसावा हे कार्डाला सांगणारा लहान प्रोग्राम. एखादा नवा पदार्थ किंवा नवा परिणाम पडद्यावर पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचा शेडर त्या यंत्रातल्या कार्डासाठी आणि ड्रायव्हरसाठी (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) तिथल्या तिथे कंपाइल करावा लागतो, म्हणजे कार्डाला समजेल अशा रूपात आणावा लागतो, आणि तेवढा वेळ चित्र थबकते. कन्सोलवर यंत्र ठरलेले असल्यामुळे हे काम आधीच उरकून देता येते. एकदा कंपाइल झालेला शेडर साठवला जातो, त्यामुळे दुसऱ्या खेपेला तोच जिना सुरळीत चढता येतो.

आता गंमत पाहा. साठ तासांच्या खेळात हे पहिलेपणाचे झटके विखुरले जातात आणि विसरलेही जातात. वीस मिनिटांच्या डेमोत मात्र प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच दिसत असते आणि बहुतेक जण तो एकदाच खेळतात, म्हणजे सारे झटके त्या एकुलत्या खेळीच्या वाट्याला येतात. तुमच्या स्वतःच्या यंत्रावर ते दिसणार नाहीत, कारण तुम्ही तो जिना हजार वेळा चढला आहात. ड्रायव्हरचा शेडर कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेले शेडर, पुसून, शक्य तर दुसऱ्याच्या साध्या यंत्रावर, एकदा खेळून पाहा. बहुधा दिवा पेटण्याच्या नेमक्या क्षणी, म्हणजे सगळ्यात सुंदर क्षणी, चित्र थांबलेले दिसेल. उपाय अवघड नाही: सुरुवातीला मिनिटभराची पट्टी दाखवा, शेडर तयार होत आहेत असे साध्या शब्दांत लिहा आणि मगच दार उघडा. मिनिटभर थांबायला फारसे कोणी नाखूश नसते. वाईट वाटते ते रंगात आल्यावर ठेच लागली की.

जाता जाता, 'पोर्टल विथ आरटीएक्स' हा डिसेंबर २०२२ मध्ये आला तेव्हा तो मूळ 'पोर्टल' खेळ असलेल्यांना विनामूल्य होता, तरीही किमान आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड लागणार ही अट पुष्कळांना टोचली. मूळ खेळ २००७ सालचा आणि जवळजवळ कशावरही चालणारा. फुकट दिलेल्या गोष्टीवरही माणूस रागावतो, जर ती त्याला दारातूनच परत पाठवत असेल.

ओला_जिना (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. रात्रपाळी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कॅशे पुसून पाहिले आणि अंदाज तंतोतंत खरा ठरला: भिंगातून पहिला किरण बाहेर पडतो त्या क्षणी चित्र जवळजवळ अर्धा सेकंद गोठते. आम्ही दोघेही ते पाहून गप्प बसलो. एवढे दिवस लोक 'शेवटी अडकते' असे लिहीत होते आणि त्यांना शेवटचे कोडे सुटत नसावे, असे आम्ही समजत होतो.

तिरकस_वाचक, तुमचा मुद्दा पटतो, पण आम्हाला विकायचे काहीच नव्हते. आपल्याला हे जमते का, एवढेच पाहायचे होते. जुना_खेळगडी, दारांबद्दल आमच्यात मतभेद आहेत. मित्राचे म्हणणे, चारही दारे उघडती करावीत. मला वाटते तेवढ्या खोल्या भरायला आणखी वर्ष जाईल.

आणखी एक बारीक तक्रार दोघा-तिघांनी केली आहे. दुसऱ्या वळणावर पाण्याचे डबके आहे. त्यात कंदिलाचा उजेड पडतो, छताच्या तुळया दिसतात, पण खाली वाकून पाहिले तर खेळाडू स्वतः दिसत नाही. एकाने 'मी भूत आहे हा कथेचा भाग आहे का?' असे विचारले आहे.

जुना_खेळगडी

खोल्या भरू नका, दारे कमी करा. दोन दारे विटांनी बुजवलेली दाखवा, एकापुढे पडलेली तुळई आडवी टाका, आणि चौथे तसेच ठेवून त्याची मूठ फिरू द्या. कुलूप आहे असा खट्ट आवाज आला तरी खेळाडूला उत्तर मिळाले असे वाटते. तुमच्या मित्राची मेहनतही त्यामुळे वाया जाणार नाही, कारण मूठ फिरताना ती झीज जवळून दिसेल.

दुसरे असे की डिसेंबर २०२१ चा एपिकचाच डेमो 'द मॅट्रिक्स अवेकन्स' आठवून पाहा. त्यातला ठरवून दिलेला पाठलाग आणि गोळीबार थोडक्यात आटोपत होता, त्यात खेळाडूच्या मर्जीला फारसा वाव नव्हता, आणि शहरात वेगाने गाडी हाकली की चित्रसंख्या ३० च्या खाली घसरत होती. तरी लोक त्या शहरात रेंगाळले, कारण पाठलाग संपल्यावर ते मोकळे सोडून दिले होते. सूर्य हवा तिकडे फिरवा, गर्दी नाहीशी करा, नॅनाइटचे (बारीक तपशिलाच्या वस्तू दाखवणाऱ्या इंजिनच्या तंत्राचे) त्रिकोण उघडे करून पाहा, ड्रोन होऊन छतांवरून उडा. तो डेमो जुलै २०२२ मध्ये दुकानांतून काढला गेला तेव्हा हळहळणाऱ्यांना आठवत होते ते हे शहर. तुमच्याकडे वादळ आहे आणि दिवा आहे. दिवा पेटल्यावर खेळ लगेच संपवू नका. झोत खेळाडूच्या हाती द्या, पाऊस कमी-जास्त करू द्या, पहाट होऊ द्या. नवी खोली न बांधता हे होऊ शकते.

रात्रपाळी

डबक्याबद्दल: तुम्ही लुमेन, म्हणजे इंजिनची प्रकाश आणि प्रतिबिंबे मोजणारी यंत्रणा, सॉफ्टवेअर पद्धतीने चालवत आहात असे दिसते. त्या पद्धतीत प्रकाशकिरणांचा माग वस्तूंच्या साध्या केलेल्या आकारांवर काढला जातो आणि त्यात स्थिर वस्तू येतात, हाडांचा सांगाडा असलेली हलती पात्रे येत नाहीत; ती प्रतिबिंबात दिसलीच तर पडद्यावर त्या क्षणी जेवढी आहेत तेवढीच. त्यातून प्रथमपुरुषी, म्हणजे खेळाडूच्याच डोळ्यांतून दिसणाऱ्या, दृश्यात खेळाडूचे शरीर बहुधा लपवलेलेच असते, म्हणून तुळया दिसतात आणि माणूस दिसत नाही. हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे किरणांचा माग कार्डातल्या खास भागाकडून काढणे, सुरू केल्यास पात्र प्रतिबिंबात आणता येते, पण मग साध्या कार्डांवरचा ताण वाढेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या तक्रारीवर याल.

मी तुमच्या जागी असतो तर डबक्यावर छतातून ठिबकणारे थेंब सोडले असते. पाणी सतत थरथरत राहिले की उजेड तसाच हलताना दिसेल आणि चेहरा शोधायचे कोणाला सुचणार नाही. बाहेर वादळ आहेच, तेव्हा छत गळते याचे कोणाला नवल वाटणार नाही. फक्त त्या थेंबांचा शेडरही सुरुवातीच्या पट्टीतच तयार करून घ्या.