विषय: विद्यापीठाचं कलादालन – उन्हाळ्यातली कामं, पुढचे बदल आणि आपल्याकडची चित्रं

प्रेषक: सचिव, परदेशातलं आपलं मराठी मंडळ

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या विद्यापीठाच्या कलादालनाकडून कळलं आहे की विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन उतरलं असून मे महिन्यापासून दालन बंद राहील. दिवाळीच्या सुमारास ते उघडेल तेव्हा पहिलं प्रदर्शन जुन्या मुंबई कलाशाळेतली जलरंगातली चित्रं आणि देवादिकांची छापील चित्रं यांचं असेल. त्यासाठी परदेशातल्या मराठी घरांमधली चित्रं उसनी मिळाली तर हवी आहेत. आपल्यापैकी बरेच जण मुलांच्या सुट्टीत जूनमध्ये मुंबईला जातात, आणि सामानातूनच चित्र नेऊन देऊ का, असं तिघांनी विचारलं आहे. दालनाची देखभाल बघणाऱ्या ताई या यादीवर आहेत. ताई, तुम्हीच सांगा.

*

प्रेषक: मुंबईहून, कलादालन

सर्वांना नमस्कार,

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: जूनमध्ये कोणीही चित्र आणू नका. 11 जूनच्या आसपास मुंबईत पाऊस धरतो, आणि तेव्हा आमच्या भिंती नुकत्या रंगवलेल्या असतात. ताज्या रंगातून निघणारी वाफ कागदाला आणि धातूच्या वर्खाला बाधते. रंगकाम संपल्यावर किमान 3 ते 4 आठवडे पंखे लावून दालन मोकळं ठेवावं लागतं.

उन्हाळ्यातलं काम साधं दिसतं, पण बिघडतं तिथेच. प्रदर्शन उतरलं की भिंतीत शेकडो भोकं उरतात. रावलप्लग (स्क्रू धरायला भिंतीत बसवलेली छोटी नळी) ओढून काढला तर आजूबाजूचं प्लास्टर सुटतं, म्हणून आधी स्क्रू दोन आटे बाहेर ठेवून प्लग हळू फिरवत काढायचा. पुट्टी एकाच हातात, म्हणजे एकाच थरात, भरायची नाही. ती वाळताना आत बसते आणि खळगा दिसतो. पहिला हात भरून किमान 6 तास, दमट दिवस असेल तर रात्रभर ठेवायचं, मग दुसरा पातळ हात, नंतर 180 नंबरचा पॉलिशपेपर. त्यावर प्रायमर न लावता थेट रंग मारला की पुट्टी रंगातला द्रव शोषते आणि तेवढाच गोल ठिपका वेगळ्या चमकेचा दिसतो. प्रकाशझोत भिंतीला तिरका लागला की असे ठिपके लांबूनही मोजता येतात. यंदा डिस्टेंपर बंद करून सगळीकडे बिनचमकीचं अॅक्रिलिक इमल्शन लावतो आहोत, कारण पावसाळ्यात डिस्टेंपर बोटाला येतं आणि चौकटींच्या मागे पांढरा बुरा साचतो.

समुद्राकडच्या बाहेरच्या भिंतीवर आता एकही चित्र थेट टेकणार नाही. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावून भिंत आणि चित्र यांत 1 ते 2 सेंटिमीटर हवा खेळती ठेवायची. ही बारीकशी गोष्ट केली नाही की पाठच्या पुठ्ठ्यावर ओल धरते आणि पुढून काहीच कळत नाही.

सगळ्यात मोठा बदल हवेचा आहे. एसी लावला की दमटपणा गेला, असा समज आहे, आणि कागदाची चित्रं त्यानेच सर्वांत जास्त खराब होतात. जास्त टनाचा एसी खोली झटक्यात गार करतो आणि थांबतो. हवेतलं पाणी काढायला एसीतली कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्या) बराच वेळ गार राहावी लागते. मग तापमान 22 अंश आणि आर्द्रता 75 टक्के अशी अवस्था येते. संध्याकाळी वीज वाचवायला एसी बंद केला की पुढचा भाग सुरू होतो. जुलैत बाहेरची हवा 29 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटू लागतं तो, साधारण 26 अंश असतो. ती दारा-फटींतून आत येऊन 22 अंशांच्या भिंतीला लागली की तिथे पाणी सुटणारच. 65 ते 70 टक्क्यांच्या वर आर्द्रता काही दिवस राहिली की बुरशीला तेवढं पुरतं.

म्हणून आता तापमान 24-25 अंशांवर ठेवून आर्द्रता काढणारी स्वतंत्र यंत्रं रात्रंदिवस चालवणार. त्यांचं पाणी बादलीत नाही, नळीने थेट मोरीत. बादली भरली की यंत्र आपोआप थांबतं आणि शनिवार-रविवारी ते कोणाच्या लक्षात येत नाही. लक्ष्य 50 ते 60 टक्के, आणि त्यातही दिवसात 5 टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार नको. आकडा थोडा जास्त असला तरी चालतो. सारखं वर-खाली होणं जास्त वाईट.

दिवेही बदलतो आहोत. हॅलोजन जाऊन एलईडी येतील, 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. जलरंगावर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर प्रकाश ठेवणार नाही. तैलचित्रांना 150 ते 200 चालतो. रोज 8 तास, आठवड्याचे 6 दिवस, 12 आठवडे 50 लक्सने जेवढा प्रकाश कागदावर पडतो, तेवढाच 200 लक्सने 3 आठवड्यांत पडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. त्यामुळे जलरंगांचं प्रदर्शन मध्यावर बदलेल: पहिले 6 आठवडे अर्धी चित्रं, नंतरचे 6 आठवडे उरलेली. ‘दालन अंधारं आहे’ अशी तक्रार येईल. आत शिरल्यावर डोळ्यांना पाच मिनिटं द्या, एवढीच विनंती.

*

प्रेषक: मंडळातले एक ज्येष्ठ सभासद

ताई,

फार उपयोगी माहिती दिलीत. माझ्याकडे आजोबांनी घेतलेलं चित्रकार धुरंधरांचं एक जलरंगातलं चित्र आहे, आणि रवी वर्मा छापखान्याचं लक्ष्मीचं छापील चित्र. दोन्ही जुन्या काचेच्या चौकटीत. लक्ष्मीच्या मागे प्लायवुड आहे आणि कागदावर तपकिरी ठिपके आले आहेत. ऑक्टोबरमध्ये पाठवायची झाली तर चौकटीतून काढून गुंडाळी करून, प्लॅस्टिकमध्ये सील करून पाठवू का? प्रदर्शनानंतर मात्र परत हवीत, नातीला द्यायची आहेत.

*

प्रेषक: माल वाहतूक आणि कस्टम्सचं काम करणारा सभासद

काका, परत हवी असतील तर थांबा. पॅकिंगच्या आधी कायदा बघू या.

1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार 100 वर्षं पूर्ण झालेलं चित्र पुरावशेष ठरतं, आणि ते खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. वस्तू मुळात परदेशातून आली होती, एवढं तोंडी सांगून विमानतळावर सुटका होत नाही. धुरंधरांचा काळ 1867 ते 1944. म्हणजे त्यांचं 1918 चं चित्र या कायद्यात येतं आणि 1935 चं आज येत नाही. ही रेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते, म्हणून चित्रावरची तारीख आधी वाचा. रवी वर्मांचा छापखाना 1894 मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तुमची लक्ष्मी त्या सुरुवातीच्या काळातली असेल तर तीही शंभरी ओलांडलेली आहे. याशिवाय वयाची अट न लावता ज्यांच्या कलाकृती बाहेर नेता येत नाहीत अशा नऊ चित्रकारांची सरकारी यादी आहे: रवी वर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. धुरंधर त्यात नाहीत.

तेव्हा शंभर वर्षांवरचं चित्र दान द्यायचं असेल तर प्रश्न मिटला. उसनं द्यायचं असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून परत नेण्याबद्दल लेखी परवानगी दालनाने मिळवल्याशिवाय ते घराबाहेर काढू नका. मला विचाराल तर अशा चित्राचा उत्तम फोटो पाठवणंच बरं.

लाकडी पेटी केलीत तर लाकूड आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तापवलेलं हवं, म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं, आणि त्यावर गव्हाच्या कणसाचा शिक्का हवा. शिक्का नसेल तर पेटी बंदरातच अडते. विमा चित्र तुमच्या भिंतीवरच्या खिळ्यावरून निघाल्यापासून परत त्याच खिळ्यावर लागेपर्यंतचा घ्या. फक्त प्रवासाचा विमा घेतला तर दालनातले तीन महिने उघडे पडतात.

*

प्रेषक: मुंबईहून, कलादालन

काका, कायद्याचं वर आलंच आहे. माझी उत्तरं आपल्या चित्रांपुरती.

गुंडाळी अजिबात नको. जुना छापील कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो आणि बऱ्याच छापांवर वार्निश असतं. गुंडाळलं की ते तडकतं. चौकटही घरी उघडू नका. पाठचे खिळे गंजून कागदाला चिकटलेले असतात, आणि चित्र काचेला चिकटलं असेल तर रंग काचेबरोबरच येतो. प्लायवुडमधून निघणाऱ्या आम्लानेही कागद पिवळा पडतो, त्यामुळे ते बदलायला हवं, पण ते काम तुमच्या गावातल्या कागद-संवर्धकाकडून करून घ्या. तपकिरी ठिपके पुसू नका. डांबराच्या गोळ्या चौकटीत ठेवल्या असतील तर काढून टाका.

फोटोसाठी स्कॅनर नको. चित्र भिंतीला उभं ठेवून दोन्ही बाजूंनी 45 अंशांतून सारखा उजेड द्या, फ्लॅश बंद करा आणि काचेत उमटणारं प्रतिबिंब टाळायला कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा. पाठीमागचाही फोटो हवा: चिकटवलेली चिठ्ठी, दुकानाचा शिक्का, हाताने लिहिलेलं काहीही.

ज्यांची चित्रं शंभर वर्षांच्या आतली आहेत आणि जे पाठवणार आहेत, त्यांनी काचेवर कागदी टेपची जाळी करावी, म्हणजे काच फुटलीच तर तुकडे चित्रात घुसत नाहीत. अॅक्रिलिक शीट किंवा सोनेरी चौकट असेल तर टेप लावू नये. बिनकाचेच्या तैलचित्रावर आधी ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा पातळ) कागद, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. आत ठेवले तर उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये वार्निशवर गोल खुणा उमटतात. प्लॅस्टिकने हवाबंद करू नका. आत अडकलेला दमटपणा गार झाला की चित्रावरच बसतो. पेटी इथे आली की दालनाच्या हवेत 24 तास न उघडता ठेवू, थंडीच्या देशातून आली तर 48 तास. ती जमिनीपासून 15 सेंटिमीटर उंच पाटावर राहील. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हापासून तळमजल्यावर जमिनीला टेकवून काहीही ठेवायला माझी तयारी नाही.

यादी मला ऑगस्टअखेर हवी: चित्राचं माप चौकटीसकट आणि चौकटीशिवाय, माध्यम, सहीवरची तारीख, आणि दान की उसनं. पेट्या 15 ऑक्टोबरच्या आधी निघू नयेत.