संग्रहालयाच्या महोत्सवात नक्की काय बघावं, काय ऐकावं?

ओसरी
पुढच्या महिन्यात एका मोठ्या संग्रहालयात तीन दिवसांचा महोत्सव आहे. जुन्या वस्त्रांचं विशेष प्रदर्शन, कारागिरांची प्रात्यक्षिकं, रात्री उशिरापर्यंत दालनं उघडी आणि रोज संध्याकाळी मुख्य दालनात मैफल. आम्ही तिघी जाणार: मी, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण कान तयार आहे. सूर हलला की तिथल्या तिथे बोलून दाखवतात. मी कार्यक्रमपत्रिका वाचूनच दमले. एका दिवसाचं तिकीट काढू की तिन्ही दिवसांचं? आणि दगडी इमारतीत गाणं नीट ऐकू तरी येतं का? 'नेटवर शोधा' म्हणणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. बाकी संग्रहालयातलं गाणं म्हणजे लोकांच्या गप्पांमागे चालणारं गाणं, हे माझं मत. ऐकायचंच असेल तर सरळ सभागृहात जावं.

मंद्रसप्तक
@रिकामटेकडा, उद्घाटनाच्या समारंभापुरतं मान्य. पण १९३९ मध्ये युद्धामुळे लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली होती, तेव्हा पियानोवादक मायरा हेस यांनी तिथे दुपारच्या मैफली सुरू केल्या. १९४६ पर्यंत १,६९८ झाल्या. कामावरची माणसं जेवणाच्या सुट्टीत येऊन रांगा लावायची. ती काय गप्पा छाटायला?

@ओसरी, दगड, काच आणि उंच छत म्हटल्यावर आवाज घुमणारच. रिकाम्या दालनात एक टाळी वाजवा, विरायला दोन-तीन सेकंद सहज लागतात. म्हणून संथ आलापी, बासरी, सारंगी, चेलो, छोटं समूहगान अशा जागी फार सुरेख लागतं. द्रुत लय आली की बोल एकमेकांत मिसळतात, त्यात मोठे ध्वनिक्षेपक लावले असतील तर विचारूच नका. तेव्हा कोण गाणार यापेक्षा काय वाजणार ते आधी बघा. बसायचं पुढच्या ओळींत. जवळ थेट आवाज जास्त पोचतो, मागे गेलात की घुमलेलाच ऐकत बसाल. गालिचे, पडदे असलेल्या लहान दालनात एखादी मैफल असेल तर ती आधी धरा. बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात २०१२ साली नवं सभागृह होईपर्यंत मैफली भित्तिपटांच्या दालनातच व्हायच्या.

दिवेलागण
काही वर्षं संग्रहालयात मार्गदर्शक म्हणून काम केलंय, म्हणून जरा लांबण लावते.

एकच दिवस, आणि त्यात दोनच गोष्टी. महोत्सवाच्या दिवशी कायमच्या दालनांच्या वाटेला जाऊ नका, ती वर्षभर तिथेच असतात. विशेष प्रदर्शन मात्र उठून जातं, वस्त्रांचं तर नक्कीच. प्रकाशाने रंग उडतात, गेलेला रंग परत येत नाही, म्हणून जुनी वस्त्रं थोडे महिने मांडून पुन्हा अंधारात ठेवतात. मांडतात तेव्हाही उजेड साधारण ५० लक्सच्या आतबाहेर, म्हणजे अगदी मंद. आपण लख्ख अंगणातून आत शिरतो आणि 'काही दिसतच नाही' म्हणून पाच मिनिटांत बाहेर पडतो. दाराशीच थांबा, सूचनाफलक वाचा, डोळे सरावू द्या. मग काठाची वीण, रफू केलेली जागा, उलट्या बाजूचे धागे दिसायला लागतात. हे सगळं संग्रहालय उघडल्या उघडल्या करा, संध्याकाळी तिथे नुसती डोकी दिसतात.

लेकीसाठी प्रात्यक्षिकं, पण भर गर्दीत नको. दुपारी कारागीर जरा मोकळे असतात. 'हे किती वर्षं करता?' ऐकून ते कंटाळलेले असतात. 'हे हत्यार कशासाठी?' विचारलं की हातात देतात. वॉशिंग्टनचा स्मिथसोनियन लोकजीवन महोत्सव १९६७ पासून ह्याच पायावर उभा आहे: वस्तू काचेआड न ठेवता करणाऱ्या माणसालाच समोर बसवायचं.

पाटीपेन्सिल
दिवेलागणताईंना अनुमोदन. वाद्यांचं दालन असेल तर लेकीला मैफलीच्या आधी तिथे न्या. जे वाद्य बघितलं तेच वाजताना दिसलं की मुलं बऱ्यापैकी टिकतात. मध्यंतरात निघायचं ठरवूनच कडेच्या खुर्च्या धरा. पाठीवरची सॅक सामानघरातच जमा करावी लागते, त्यामुळे पाण्याची बाटली कुठे चालते तेही विचारून घ्या.

रिकामटेकडा
मायरा हेस माहीत नव्हत्या. मत निम्मं मागे घेतो. निम्मं राहू दे, धागा चालू राहील.

ओसरी
सगळ्यांचे आभार! ठरलं: एक दिवस, सकाळी वस्त्रं, दुपारी प्रात्यक्षिकं, संध्याकाळी बासरी. सासूबाईंना मधे दोन तास बाकावर आराम. संग्रहालयात फोन केला तर चाकाची खुर्ची मोफत मिळते म्हणाले. पण त्या बसायच्या नाहीत. 'मी काय आजारी आहे?' झालंसुद्धा म्हणून.

दिवेलागण
खुर्ची घ्याच. शाली आणि माहितीपत्रकं ठेवायला घेतलीय म्हणा आणि ढकलायला लेकीला द्या. तिसऱ्या दालनापर्यंत शाली मांडीवर येतात, हमखास.