गेटवरची वजनाची यादी

वैशाली वहिनी (बी-३०२): रविवारच्या शिबिरातली वजनं गेटच्या बोर्डावर कुणी लावली? नाव, फ्लॅट नंबर, वर लाल पेनानं गोल. दूधवाला, पेपरवाला सगळे उभं राहून वाचूलेत. आत्ताच्या आत्ता काढा.

सेक्रेटरी: वहिनी, माफ करा. लोकांनी मनावर घ्यावं एवढाच हेतू.

वैशाली वहिनी: शुगरची यादी लावली असती का गेटवर?

प्रभाकर काका (ए-१०१): शुगर आजार आहे. वजन आजार नव्हे. खाणं कमी, चालणं जास्त. विषय संपला.

डॉ. मिलिंद (सी-४०१): काका, लठ्ठपणा आजारच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, आयसीडी-१० मध्ये ई६६. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०१३ मध्ये तसा ठरावही केला. चरबी नुसती साठून बसत नाही, हार्मोन सोडते. त्यातलं लेप्टिन, पोट भरल्याचा निरोप देणारं, १९९४ मध्ये सापडलं. वजन उतरलं की लेप्टिन घटतं, भुकेचं घ्रेलिन वाढतं, आणि शरीर कमी उष्मांकात भागवायला शिकतं. म्हणून चार-पाच किलो उतरल्यावर काटा अडतो. माणूस तेवढंच खातोय, तेवढंच चालतोय, तरी. अशा वेळी त्याला आळशी म्हणणं चूक.

प्रभाकर काका: खरं खाल्ल्याशिवाय वाढतं का? खाणं कमी, चालणं जास्त.

रोहित (ए-२०३): काका, परवा कुंद्याचा डबा कुणाच्या हातात होता?

प्रभाकर काका: पाहुण्यांसाठी होता. तू आधी माझ्या जागेतली बाइक काढ.

सेक्रेटरी: पार्किंग इथं नको. हात जोडतो.

मृणाल (बी-१०४, आहारतज्ज्ञ): यादीवरचे गोलसुद्धा चुकलेत. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, ३० च्या वर गेलेल्यांनाच गोल केलाय. आपल्याकडे २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. आणि कंबर पँटवरून, पट्ट्याच्या जागी मोजली. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो, त्यामुळे माप कमी येतं. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक बोटांनी चाचपून बघा, त्यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. जमिनीला समांतर, कातडीत रुतू न देता. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. दोनदा मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्यापुढे धोका.

डॉ. मिलिंद: आणि ज्यांना गोल नाही त्यांनी निर्धास्त राहू नये. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, त्यांच्या मित्राची ९.१.

सुलभा आजी (सी-१०२): म्हणजे ज्याचं ज्याचं वजन जास्त तो आजारीच म्हणायचा?

डॉ. मिलिंद: नाही आजी, इथं काकांचं थोडं बरोबर आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटानं दोन पायऱ्या केल्या. चरबी जास्त, पण अवयव ठीक, तर लक्ष ठेवायचं. दम लागतो, झोपेत श्वास अडतो, गुडघे धरतात, अंघोळ-कपड्यालाही त्रास, तर तो आजार, आणि त्याचे उपचार करायचे.

प्रभाकर काका: बघा, मी काय म्हणत होतो! खाणं कमी, चालणं जास्त.

राजन (ए-३०४, विमा): शब्दावर पैसे अडतात काका. वजन कमी करण्याचा खर्च पॉलिसीत वगळलेला असतो. शस्त्रक्रियेला क्लेम बसतो तो बीएमआय ४० असेल तर, किंवा ३५ आणि सोबत ताब्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र त्रास असेल तर. वय १८ पूर्ण, आणि आधी साधे उपाय करून फसल्याचे कागद हवेत. लोक तेच कागद ठेवत नाहीत. प्रत्येक भेटीला वजन लिहून, तारीख घालून डॉक्टरांची सही घ्या.

रोहित: आणि ती वजन उतरवायची आठवड्याची सुई? मेडिकलवाल्याला विचारलं तर देतो म्हणे.

डॉ. मिलिंद: तशी अजिबात घेऊ नका. त्या सुईतलं औषध, सेमाग्लुटाइड, ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, दर चार आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत नेतात. घाई केली की उलट्या. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी असेल तर त्यांचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर शुगर एकदम उतरते. चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं. बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. बीपीची गोळी सोडली की बीपी चढतं, तसंच हे.

मृणाल: वजनाबरोबर स्नायूही उतरतात. नुसतं ताट कमी केलं की डाळ, अंडी, ताक आधी जातं आणि भात राहतो. उलटं करा. आणि तेल बुदलीतून ओतू नका, चमच्यानं मोजा. १५ मिलीला १२० च्या आसपास उष्मांक.

प्रभाकर काका: म्हणजे खाणं कमीच.

वैशाली वहिनी: काका, चौथ्यांदा.

सेक्रेटरी: यादी काढली. पुढच्या वेळी माप पडद्याआड, आणि चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात.

वैशाली वहिनी: सेक्रेटरी, खाली येऊन बघा. कागद ओढून काढलाय, खालचा कोपरा टाचणीला तसाच आहे. शेवटची तीन नावं अजून दिसतात.